बाई, हे कुठं ठेवू?

पहिली-दुसरीच्या मुलांना संगणक शिकवायचा, तर यंत्र सुरू करण्याआधी त्यांना वस्तू लावायला शिकवावं, हे मला मनापासून पटलेलं होतं आणि आजही पटतं. सारख्या गोष्टी एकत्र करणं, लहानमोठ्या क्रमाने मांडणं, ठरलेल्या जागी ठेवणं आणि हवी तेव्हा तिथून शोधून काढणं, ही संगणकाची रोजची कामं. फोनमधली नावं, दुकानातला माल, रेल्वेची प्रतीक्षा यादी, सगळीकडे हेच चालतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते हातानेही करता येतं. तेव्हा विषय निवडताना मी चुकले नाही. चुकले ते शिकवताना, आणि बराच काळ चुकत राहिले, कारण माझ्या चुका दिसायला फार नीटनेटक्या होत्या. टेबलावर लाल ढीग, निळा ढीग, पिवळा ढीग. फोटो छान यायचे.

मी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. डी.एड. झाल्यावर एम.एस.-सी.आय.टी. हा संगणकाचा अभ्यासक्रम केला होता, म्हणून संगणकाचा तास आपसूक माझ्या गळ्यात पडला. संगणक कक्षात मुलं जास्त, यंत्रं कमी, आणि त्यातलीही काही कायमची बंद. लहान वर्गांना तिथे नेऊन रांगेत बसवण्यापेक्षा वर्गातच वस्तूंवर शिकवू, असं मी ठरवलं. मुख्याध्यापकांनीही लगेच होकार दिला.

पहिली चूक मी पैसे देऊन विकत आणली. प्लास्टिकच्या आकारांचा संच होता: मोठे लाल गोल, लहान निळे चौकोन, मधल्या मापाचे पिवळे त्रिकोण. ‘सारखे सारखे एकत्र करा’ म्हटल्याबरोबर मुलांनी तीन ढीग केले. मी नोंदवहीत सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. पण त्या संचात जे लाल होतं ते सगळं मोठं होतं आणि गोलही होतं. मुलाने रंग बघितला, आकार बघितला की लहानमोठेपणा बघितला, हे कळायला मार्गच नव्हता. खरं तर काहीच न बघता शेजाऱ्याचा ढीग बघितला असता, तरी खूण मिळालीच असती.

एकदा कुठून तरी एक मोठा निळा गोल आमच्या डब्यात येऊन पडला. एकाने तो निळ्या चौकोनांत टाकला. शेजारणीने उचलून लाल गोलांत ठेवला. दोघांची जुंपली. तिसऱ्याने भांडण मिटवायला तो खिशात घातला. मी काय केलं? ‘अरे, तो आपल्या डब्यातला नाहीच,’ म्हणून काढून घेतला. अख्ख्या संचात मुलांना विचार करायला लावणारी वस्तू तेवढी एकच होती, आणि मी नेमकी तीच उचलली.

गणितशिक्षणात नाव कमावलेले झोल्तान डीन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा तुकड्यांचा एक संच आहे. चार आकार, तीन रंग, दोन मापं, दोन जाड्या. प्रत्येक मिश्रणाचा एकच तुकडा, म्हणून एकूण ४८ तुकडे. त्यात दोन तुकडे अगदी सारखे सापडत नाहीत आणि रंगावरून आकाराचा अंदाज बांधता येत नाही. मोठा निळा गोल त्यात मुद्दाम ठेवलेला असतो. तो संच कसा रचलाय हे वाचलं, तेव्हा आमच्या डब्यात काय खोट होती ते मला उमगलं.

तसला संच विकत घ्यायची गरजही नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या बिया, शिंपले, पानं, दगड अशा आसपास मिळणाऱ्या साधनांवर. हे डी.एड.ला आम्हाला होतं, पण मी ते ‘गरिबीतला मार्ग’ या खात्यात टाकून दिलं होतं. चिंचोके, सीताफळाच्या बिया, आंब्याच्या कोयी आणि जुन्या सदऱ्यांची बटणं घेऊन बसले, तेव्हा कळलं की वस्तू म्हणूनच त्या उजव्या आहेत. बटण लाल असेल, पण त्याला दोन भोकं असतील की चार, ते रंगावरून ठरत नाही. काही बटणांना तर वर भोकंच नसतात, मागे कडी असते. कारखान्याने आधीच लावून ठेवलेला ढीग मुलाला पुन्हा लावायला देण्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी चूक मात्र विकत आणावी लागली नाही, ती माझ्यातच होती. भातुकलीतलं सामान मांडलं होतं: लाटणं, पोळपाट, रवी, तवा, पातेलं, चमचा. माझ्या मनात उत्तर तयार होतं, लाकडाचं एकीकडे आणि धातूचं दुसरीकडे. एका मुलीने लाटणं, पोळपाट आणि तवा एकत्र ठेवले. रवी पातेल्यात उभी केली आणि चमचा शेजारी ठेवला. मी म्हटलं, ‘नीट बघ बरं, हे कशाचं आहे?’ तिने तवा उचलला, माझ्याकडे बघितलं, पातेल्याच्या बाजूला नेला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग लाटणं हातात धरून विचारलं, ‘बाई, हे कुठं ठेवू?’ मी बोट दाखवलं. तिने ठेवलं. ढीग बरोबर झाले.

त्यानंतर हा प्रश्न मला सगळीकडे ऐकू यायला लागला. ‘बाई, हे इथं का?’ ‘बाई, हे चालेल?’ मला वाटायचं, मुलं किती विचारून विचारून काम करतात, शिस्तीची आहेत. वस्तुस्थिती अशी होती की नियम माझ्या डोक्यात होता आणि मुलं तो माझ्या भुवयांवरून वाचत होती.

१९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांशी बोलले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका अशी चित्रं दाखवून ते विचारत, यातलं वेगळं कोणतं? शाळेचं तोंड पाहिलेली माणसं ओंडका बाजूला काढत, कारण बाकीची तिन्ही हत्यारं. शाळेत न गेलेले शेतकरी म्हणत, यातलं काहीच काढता येत नाही. ओंडका काढला तर करवतीने कापायचं काय? लुरियांनी निदान समोरच्याला बोलू दिलं, त्याचं म्हणणं टिपून घेतलं. मी तेवढंही केलं नव्हतं. मुलीला तिचा नियम विचारलाच नव्हता.

आणि तिच्याकडे नियम होता. पुढे अशाच एका मांडणीत दुसऱ्या मुलाला विचारलं, तर पटकन उत्तर आलं, ‘हे पोळ्या करायचं, हे ताक करायचं.’ संगणकाच्या बाजूने बघितलं तर यात काही कमी नाही. यंत्राला लाकूडही कळत नाही आणि पोळीही कळत नाही. त्याला असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर प्रत्येक वस्तूसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येईल, आणि कुणीही दिलं तरी तेच येईल. ‘लाकडाचं आहे का?’ हा प्रश्न चालतो. ‘पोळ्या करताना लागतं का?’ हाही तितकाच चालतो. ‘छान आहे का?’ हा चालत नाही, कारण दोघांची उत्तरं दोन. हा फरक पहिलीतल्या मुलाला कळतो. मी मात्र ‘बाईंच्या मनातलं’ आणि ‘बाईंच्या मनात नसलेलं’ अशा दोनच प्रकारांत त्यांची उत्तरं लावत होते.

मधल्या काळात शाळेला टॅबलेट मिळाले. त्यात वस्तू ओढून टोपलीत टाकायचा खेळ होता. बरोबर पडली की चांदणी चमकायची, चुकली की वस्तू उडी मारून परत जागेवर यायची. मुलं खूश, मी मोकळी. एका दुपारी सहज एका मुलाच्या मागे उभी राहिले. तो आंबा पहिल्या टोपलीत टाकायचा, परत आला की दुसऱ्या, मग तिसऱ्या. चांदणी आली की पुढची वस्तू. पडद्याकडे न बघता मित्राशी गप्पा मारत त्याने पूर्ण पातळी पार केली आणि खेळाने त्याला शंभर टक्के दिले. माझा चेहरा वाचण्याचं कामही आता उरलं नव्हतं. तेवढं टॅबलेटने सोपं करून टाकलं होतं.

क्रम लावायला शिकवताना मी मुलांनाच उभं केलं. मैदानावर उंचीप्रमाणे रांग. ‘बघा, संगणक असाच क्रम लावतो,’ असं मी ठणकावून सांगितलं. ते खोटं होतं. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, थोडी ढकलाढकली केली आणि रांग तयार. माणसाला दहा-बारा जणांतला सगळ्यात उंच कोण हे नजरेत कळतं. संगणकाला अशी नजर नसते. त्याला एका वेळी दोन गोष्टी ताडून बघाव्या लागतात आणि तेवढ्यावर पुढचं ठरवावं लागतं. जे दाखवायचं तेच नजरेने गिळून टाकलं होतं.

त्या रांगेने आणखीही काही केलं. वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा दर वेळी पहिला उभा राहायचा. मला वाटायचं, पहिला म्हटल्यावर त्याला बरंच वाटत असेल. एके दिवशी तो ‘पाय दुखतो’ म्हणून वर्गातच बसून राहिला, आणि पुढच्या वेळीही त्याचा पाय दुखला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माणसं ही लावायची वस्तू नव्हे. उंची, वजन, चपला, डब्यातली भाजी यांवरून मुलांना उभं करणं मी बंद केलं. ते फार आधी सुचायला हवं होतं.

दोन मुली अगदी सारख्या उंचीच्या निघाल्या, तेव्हाही मी घाई केली. ‘तू इकडे, तू तिकडे,’ असं डोळ्याने ठरवून टाकलं. बरोबरी झाली तर काय करायचं, हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्यांना रोज पडतो. हजेरीच्या क्रमाने असलेली यादी गुणांप्रमाणे लावली, तर सारख्या गुणांची मुलं आपसात हजेरीच्याच क्रमाने राहावीत, अशी काळजी घ्यावी लागते. त्या दोघींनी हा प्रश्न मला आयता आणून दिला होता. मी तो मुलांपुढे ठेवला असता, तर त्यांनी काहीतरी नियम नक्की काढला असता. आधी आली ती आधी, हे तर नळावरच्या रांगेतही चालतं.

मानसशास्त्रज्ञ पियाजे मी पाठ केला होता: मुलांच्या विचारांच्या चार अवस्था, प्रत्येकीपुढे वय, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. त्यांनी आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना लहानमोठ्या काड्या देऊन जे पाहिलं ते मात्र पुष्कळ उशिरा वाचलं. चार-पाच वर्षांची मुलं दोन-दोन, तीन-तीन काड्यांचे तुकड्यातुकड्याने क्रम लावतात. एक लहान, एक मोठी. त्याहून थोडी मोठी मुलं चाचपडत, अदलाबदल करत शेवटी रांग जमवतात. सात-आठच्या आसपास मूल आधी सगळ्यांत लहान काडी शोधतं, ती ठेवतं, मग उरलेल्यांतली सगळ्यांत लहान, असं पद्धतशीर पुढे जातं. गंमत म्हणजे संगणकशास्त्राच्या पहिल्या धड्यात क्रम लावायची जी एक पद्धत शिकवतात ती नेमकी हीच. चाचपडून लागलेली रांग आणि पद्धतीने लागलेली रांग शेवटी सारखीच दिसते. मी शेवटीच बघायची.

नजरेची अडचण दूर करायला न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी यांचा ‘कम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ हा उपक्रम कामी आला. यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवायच्या त्यांच्या खेळांत एकसारख्या दिसणाऱ्या डब्या आणि तराजू वापरून केलेला एक खेळ आहे. मी सारख्या डब्या जमवल्या, प्रत्येकीत कमीजास्त वाळू भरली, झाकणांना चिकटपट्टी लावली. हँगरच्या दोन टोकांना पिशव्या बांधून तराजू केला. आता बघून काही कळत नव्हतं. दोन डब्या घाला, कुठली बाजू खाली जाते बघा, बस्स. पाच डब्यांतली सगळ्यात हलकी शोधायला ४ वेळा तोलावं लागतं. मग उरलेल्यांसाठी ३, २, १. एकूण १०. दहा डब्या घेतल्या तर ४५. डब्या दुप्पट झाल्या की काम दुपटीहून कितीतरी वाढतं, हे मुलांना आकड्यांनी नव्हे, हात दुखून कळलं.

इथे तरी मी सुधारले असं वाटत होतं. पण दुसरीतली एक मुलगी सात डब्या घेऊन बसली होती. तिने एक डबी उचलून तराजूत ठेवली आणि तिथेच राहू दिली. बाकीच्या एकेक करून तिच्याशी तोलल्या. हलक्या निघाल्या त्या डावीकडे सरकवल्या, जड निघाल्या त्या उजवीकडे. मी पुढे झाले आणि म्हटलं, ‘असं नाही गं, आधी सगळ्यात हलकी शोध.’ तिने निमूटपणे डाव्या-उजव्या सगळ्या डब्या पुन्हा एकत्र केल्या आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली.

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांना १९५९ मध्ये मॉस्कोत शिकत असताना रशियन शब्द शब्दकोशात शोधण्यासाठी क्रमाने लावायचे होते. त्या खटपटीतून त्यांना क्रम लावायची पद्धत सुचली, ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरात आहे. एक वस्तू धरायची, बाकीच्या तिच्यापेक्षा लहान आणि मोठ्या अशा दोन बाजूंना करायच्या, मग प्रत्येक बाजूला तेच. आमची मुलगी काही तो शोध पुन्हा लावत नव्हती. दोन बाजू केल्यावर पुढे काय, हे तिला सुचलं असतं की नाही हेही सांगता येत नाही. पण ते बघण्याइतकाही वेळ मी दिला नाही. सात डब्यांना माझ्या पद्धतीने २१ वेळा तोलावं लागतं. तिच्या पद्धतीने, नेमकी मधली डबी हाताला लागत गेली तर १० वेळांत काम होतं, आणि दर वेळी टोकाची लागली तर तिलाही २१च. म्हणजे कितीही वाईट झालं तरी तिचं माझ्यापेक्षा वाईट होणार नव्हतं. हे गणित मी त्या रात्री घरी बसून केलं.

एक गोष्ट तर इतकी डोळ्यांसमोर होती की लक्षातच आली नाही. तास संपला की मी सगळे ढीग उचलून एकाच डब्यात ओतायची. पुढच्या तासाला तोच डबा, तेच ढीग. एका पोराने एकदा विचारलंसुद्धा, ‘लावायचं कशाला मग?’ मी ‘शिकायला’ असं उत्तर दिलं. वस्तू लावतात त्या सापडाव्यात म्हणून, हा संगणकातला मूळ मुद्दाच मी शिकवला नव्हता. आता बटणांचे ढीग कपाटाच्या खणात तसेच राहतात आणि मुलं एकमेकांना ‘चार भोकांचं हिरवं आण’ असं सांगून पळवतात. मोठ्या मुलांबरोबर १ ते १०० मधला मनातला आकडा ओळखायचा खेळ खेळते. ‘पन्नासपेक्षा मोठा आहे का?’ असं दर वेळी निम्मं उडवत गेलं, तर ७ प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतो. क्रम आधीच लागलेला असल्याशिवाय हे जमत नाही, हे त्यांना खेळताना आपोआप कळतं.

हे सगळं एका ठिकाणी मांडल्यावर माझ्या लक्षात येतं की चुका अनेक असल्या तरी खोड एकच होती. मी ढीग तपासत होते. ढीग कसा झाला, कुठल्या नियमाने झाला, तो नियम दुसऱ्याला सांगता येतो का, हे तपासत नव्हते. संगणक शिकवायला निघालेल्या बाईने हे विसरावं हे जास्तच वाईट, कारण संगणकाला ढीग दाखवून भागत नाही, नियम सांगावा लागतो.

म्हणून आता ढीग झाले की ते करणाऱ्याला गप्प बसवते आणि दुसऱ्या गटाच्या हातात नवी वस्तू देते. ‘ही कुठं जाईल?’ त्यांनी ठेवायची, पहिल्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. नियम ओळखला जाईपर्यंत हे चालतं. मी शक्यतो खिडकीकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे चेहरा वाचायला मिळत नाही. कुठेच न बसणारी वस्तू मुद्दाम एक तरी घालते आणि ती काढून घेत नाही.

सगळं सुधारलंय असं नाही. वर्गात चाळीस मुलं असतात, प्रत्येकाचा नियम ऐकायचा तर तास पुरत नाही. तपासणीला कुणी आलं की मी अजूनही नीटनेटके ढीगच दाखवते, कारण पाहुण्यांनाही तेच बघायचं असतं. नोंदवहीत ‘वर्गीकरण करता येते’ आणि ‘येत नाही’ असे दोनच रकाने छापलेले आहेत. त्यांच्या शेजारी मी पेनने तिसरा आखलाय, ‘नियम सांगता येतो’. तो भरायला वेळ लागतो. ज्यांचा नियम ऐकायचा राहून जातो, त्यांच्यापुढे मी काहीच लिहीत नाही. अंदाजाने खुणा करून झाल्या तेवढ्या पुरे.